शेततळ्यात उतरलेलं गोगलगायीचं औषध मोजायला काय घ्यावं? (बजेट ३,०००)

दिंडोरीची_बाग: बांधावर मेटाल्डिहाइडच्या २.५ टक्केवाल्या गोळ्या टाकल्या आणि त्याच रात्री धो धो पाऊस. सगळं पाणी शेततळ्यात. तळ्यात रोहू-कटला, खाली वीस पावलांवर पिण्याची विहीर. अगदी कमी प्रमाणही दाखवेल असं मीटर किंवा पट्टी सुचवा.

निफाडकर७: टीडीएस मीटर घ्या. माझं ६०० रुपयांचं, चार वर्षं झाली, एक नंबर.

सातपूर_लॅब: टीडीएस मीटर क्षार दाखवतं. मेटाल्डिहाइड क्षार नाही, आकडा हलणारही नाही.

द्राक्षवाला: मी २२ हजारांचा, पाण्यातलं तांबं मोजणारा कलरीमीटर घेतला. मोरचूद लगेच कळतं. पैसे जातात, पण वस्तू घ्यावी तर अशी.

सातपूर_लॅब: त्यांनी मोरचूद टाकलेलंच नाही हो.

ओझरची_ताई: गोळ्या कशाला टाकता? गुळाच्या पाण्यात भिजवलेली पोती पसरा, सकाळी गोगलगायी वेचा. आमचं कुत्रं अशाच गोळ्या खाऊन गेलं. अजून जीव तुटतो.

निफाडकर७: पाच एकरांत कोण वेचणार ताई? मजूर कुठाय? मासे जिवंत आहेत ना, मग पाणी चांगलंच.

सातपूर_लॅब: तसं नसतं. निक्लोसामाइड हे गोगलगायीचं दुसरं औषध असतं तर मासे आधी मेले असते. मेटाल्डिहाइड माशांना तेवढं मारत नाही. युरोपात पिण्याच्या पाण्यात एका कीटकनाशकाची मर्यादा लिटरला ०.१ मायक्रोग्रॅम आहे. तिथवर पट्टी पोचत नाही, लॅबमधलं एलसी-एमएस-एमएस हे यंत्रच लागतं. गडद काचेच्या बाटलीत नमुना घ्या, बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा.

पिंपळगाव_बसवंत: आणि आधी लॅबला विचारा, त्यांच्या यादीत मेटाल्डिहाइड आहे का. मी एका लॅबला ‘सगळी कीटकनाशकं’ सांगून पैसे भरले. लांबलचक रिपोर्ट आला, हेच नाव त्यात नव्हतं.

द्राक्षवाला: घरी कार्बन फिल्टर बसवा, विषय संपला.

सातपूर_लॅब: मेटाल्डिहाइड कार्बनला नीट धरत नाही. इंग्लंडच्या पाणीपुरवठ्याची हीच डोकेदुखी होती.

निफाडकर७: मग टीडीएस मीटर तरी घ्याच.

दिंडोरीची_बाग: मीटर घेत नाही. तळ्याचा नमुनाही आत्ता नाही. एकाच नमुन्याचे पैसे आहेत, तो विहिरीचा देतो. आई तेच पाणी पिते. उद्या सकाळी लॅबला फोन करून आधी नाव विचारतो. रिपोर्ट येईपर्यंत पिण्याचं पाणी गावातून, आणि गुरं तळ्यावर सोडणार नाही.

ओझरची_ताई: पोती तरी टाका हो.