निपाणीत बनलेल्या कोल्हापुरी चपलेच्या लेबलवर काय लिहावे?

प्रश्न (निपाणी)
आमच्या घरात तीन पिढ्या चपला बनतात. आजवर माल कोल्हापूरच्या व्यापाऱ्यांकडे बिननावाने जात असे. आता बेळगाव आणि गोव्यात स्वतःच्या नावाने विक्री करावयाची आहे. छापखान्याने करून दिलेल्या लेबलवर ‘परंपरा, दर्जा, विश्वास’ असे लिहिले आहे, परंतु हेच शब्द आमच्या गल्लीतील पेढ्यांच्या खोक्यावरही आहेत. त्यातच गिऱ्हाईक विचारते, “कर्नाटकात बनलेली चप्पल कोल्हापुरी कशी?” जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर (शहापूर, बेळगाव)
गिऱ्हाईक जे विचारते त्याचे उत्तरच लेबलवर यावे. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्यात महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा व सोलापूर यांच्याबरोबर कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट आणि विजापूर हे जिल्हेही आहेत. तेव्हा ‘निपाणीत बनलेली कोल्हापुरी’ असे ठळक लिहावे. गाव लपवले की संशय वाढतो. मात्र मानांकनाचे चिन्ह छापण्यापूर्वी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करून घ्यावी.

उत्तर (अथणी)
वरील मत मान्य आहे, पण केवळ गाव सांगून दोन जोडांमधला फरक कळत नाही. कातडे बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेले असेल आणि शिवण कातड्याच्या वादीची असेल, तर तेवढेच लिहावे. तळ डिंकाने चिकटवला असेल, तर ‘हस्तकला’ हा शब्द टाळावा. ‘पाण्यात भिजवू नये’ ही सूचना मागच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत टाकू नये. माझ्याकडे परत आलेले बहुतेक जोड पावसात भिजलेले होते, आणि दोष मात्र कारागिराच्या माथी आला. (मीही एके काळी लेबलवर सिंह छापला होता, का, ते आजही सांगता येत नाही.) कर्नाटकात दुकानाच्या पाटीवर ६० टक्के कन्नड लागते, तेव्हा पाटीवर आणि लेबलवर घालायचा कन्नड मजकूर मराठीवरून शब्दशः न उतरवता कन्नड गिऱ्हाइकाशी रोज बोलणाऱ्याकडून लिहून घ्यावा.

प्रश्नकर्ता (निपाणी)
आभारी आहे. मसुदा असा केला आहे: ‘निपाणीत बनलेली कोल्हापुरी. बाभळीची साल व हिरड्यात कमावलेले कातडे, वादीची शिवण. पाण्यापासून जपावी.’ लहान मुलांच्या जोडांचे तळ आम्ही चिकटवतो, त्यामुळे त्यांचे लेबल वेगळे छापणार आहे. कन्नड मजकूर चिकोडीच्या बाजारात बसणाऱ्या माझ्या मेहुण्याकडे सोपवला आहे.