मदत हवी आहे: प्रमाणातली ग्रहमाला करायची आहे, गुरू आणि शनी कसे बनवू?

मंडळी, लेकीच्या सातव्या वाढदिवसाला अंतराळाची थीम ठरली आहे. सगळी सजावट घरीच, तिला सोबत घेऊन करायची आहे. पताका, चांदण्या, पुठ्ठ्याचं रॉकेट ही कामं जमतील. अडलंय ते ग्रहांपाशी.

तिची अट एकच: ग्रह एकमेकांच्या प्रमाणात हवेत. चित्रांमध्ये गुरू पृथ्वीच्या जेमतेम दुप्पट दाखवतात, ते तिला अजिबात पटत नाही. मलाही तिचं म्हणणं रास्त वाटतं. थीम घ्यायचीच तर मुलांना त्यातून खरं काहीतरी दिसावं. आम्ही दोघींनी बसून मापं काढली. पृथ्वी ४ सेंटिमीटरची धरली तर शुक्र ३.८, मंगळ २.१ आणि बुध १.५. नेपच्यून साडेपंधरा, युरेनस १६. शनी जवळजवळ ३८ आणि गुरू ४५ सेंटिमीटर! प्लूटोला २००६ पासून ग्रह मानत नाहीत, पण तिला तो हवाच आहे, म्हणून पाऊण सेंटिमीटरचा मणी दाराजवळ टांगणार. सूर्य या मापाने सुमारे ४.४ मीटरचा होतो, तेव्हा भिंतीच्या कडेला पिवळ्या-केशरी क्रेप कागदाची नुसती कमान करू. अंतरं प्रमाणात दाखवायचा विचार सोडला, कारण पृथ्वी सूर्यापासून ४७० मीटरवर टांगावी लागेल.

लहान ग्रह मातीचे आणि कागदाच्या लगद्याचे होतील. पण गुरू आणि शनीसाठी फुग्यावर रद्दी चिकटवायची म्हटलं तर फुगा खाली निमुळता होतो, गोल राहत नाही. शिवाय शनीची कडी ग्रहाच्या सव्वादोन पट रुंद लागते, म्हणजे ८५ सेंटिमीटरच्या आसपास. एवढी पुठ्ठ्याची चकती कडेने लोंबणार नाही का? आणि हे सगळं टांगायचं कसं? भिंतीचा रंग चिकटपट्टीने निघतो. कुणी केलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.

प्रतिसाद

ताई, फुगा पूर्ण फुगवू नका. मोठ्या मापाचा घ्या आणि दोन तृतीयांशच फुगवा, बराच गोल राहतो. त्याहून सोपं म्हणजे हवेचा मोठा बीच बॉल. त्याला स्वयंपाकघरातलं पातळ प्लास्टिक गुंडाळा, त्यावर कागद चिकटवा, वाळला की मधोमध कापून चेंडू काढा आणि दोन्ही वाट्या जोडून घ्या. कागद कात्रीने कापू नका, हाताने दोन-तीन बोटं रुंद पट्ट्या फाडा. फाटलेली कड सपाट बसते, कापलेली उठून दिसते. मैद्याची खळ शिजवून घ्या आणि त्यात चमचाभर मीठ टाका, बुरशी धरत नाही. पहिला थर आडवा, दुसरा उभा, तिसरा परत आडवा. प्रत्येक थर पूर्ण वाळल्याशिवाय पुढचा लावू नका, नाहीतर आतून ओला राहून वास येतो. फुगाच वापरणार असाल तर रात्रभर गारठ्यात ठेवू नका. आतली हवा आकसते आणि कागदाला सुरकुत्या पडतात.

गुरूला रंग देण्यापेक्षा तपकिरी, बदामी, पांढऱ्या क्रेपच्या पट्ट्या आडव्या गुंडाळा. पट्टे आपोआप दिसतात. लाल डाग दक्षिण गोलार्धात येतो, तो लेकीला लावू द्या.

प्रतिसाद

कडीसाठी नालीदार पुठ्ठ्याच्या दोन चकत्या कापा आणि चिकटवताना एकीच्या नाळ्या आडव्या, दुसरीच्या उभ्या ठेवा. मग लोंबत नाही. चिकटवल्यावर रात्रभर पुस्तकांखाली दाबून ठेवा. कडी ग्रहाला चिकटवायचीच नाही. गोल स्वतंत्र दोऱ्यावर, कडी तीन दोऱ्यांवर, आणि चारही दोरे वर एकाच गाठीत. एक दोरा आखूड केला की कडी तिरपी होते. खऱ्या शनीचा कल जवळजवळ २७ अंश आहे, कंपास पेटीतल्या कोनमापकाने मुलीलाच मोजू द्या. कड्यांमधली फट काळ्या रंगाच्या रेषेने दाखवा. दोऱ्याऐवजी तंगूस वापरलात तर दिसतही नाही.

भिंतीला काही चिकटवूच नका. खोलीच्या दोन टोकांना पडद्याचे दांडे असतील तर त्यांच्यामध्ये जाड सुतळी ताणून बांधा आणि हलके ग्रह तिला टांगा. गुरू-शनी मात्र छताच्या कडीलाच. पंख्याच्या वाऱ्याच्या टप्प्यात काही ठेवू नका.

प्रतिसाद

चांदण्यांबद्दल एक सुचवते. काळ्या कार्डशीटला सुईने भोकं पाडून मागे एलईडी माळ लावा, आणि भोकं खऱ्या नक्षत्रांची पाडा. मृग सगळ्यात सोपा: मधले तीन तारे एका रेषेत, ती रेषा पुढे वाढवली की व्याध. मृगातल्याच काक्षी नावाच्या ताऱ्याच्या भोकामागे लाल जिलेटीन कागद लावा, तो तारा तांबूसच दिसतो. मेणबत्त्यांचं टेबल मात्र या कागदांपासून लांब ठेवा. तीन वर्षांखालची मुलं येणार असतील तर फुटलेल्या फुग्याचे तुकडे लगेच उचला, आणि तो प्लूटोचा मणीही उंच टांगा.

धागाकर्ती

किती नेमकी उत्तरं दिलीत, मनापासून आभार! बीच बॉल आणि तीन दोऱ्यांची कडी नक्की. लेक आत्ताच कोनमापक शोधायला गेली आहे. एकच शंका उरली: युरेनस जवळजवळ आडवा पडून फिरतो, ते टांगलेल्या गोळ्यावर कसं दाखवू? आरपार काडी घालून आस दाखवली तर चालेल का, की दुसरं काही सुचतंय?