‘वासांसि जीर्णानि’नं माझंही मन शांत झालं नव्हतं

ताई, वडील गेल्यावर गीतेतला जुन्या वस्त्रांचा श्लोक रोज वाचूनही रडू थांबत नाही, असं तुम्ही लिहिलंत. माझी माय ऐन कापूस वेचणीत गेली, तेव्हा मलाही तो कोरडाच वाटला. आत्मा मरत नाही हे पटतं हो, पण चुलीपुढची जागा रिकामी दिसते ना!

मला धीर दिला तो १८व्या अध्यायातल्या ६१व्या श्लोकानं. ईश्वर सर्वांच्या हृदयात राहतो. म्हणजे मी यवतमाळला औषधाच्या रांगेत उभा होतो, तेव्हाही माय एकटी नव्हती. तो तिच्यातच होता.

तेरवीच्या रात्री गावच्या भजनी मंडळानं तुकोबांचा ‘जेथे जातो तेथे तू माझा सांगाती’ म्हटला, आणि मला कितीतरी दिवसांनी झोप लागली. तुम्हीही म्हणून पाहा. मनात नको, मोठ्यानं म्हणा.