हिमालयात भूकंप होतात, मग ज्वालामुखी का नाहीत?

नकाशावाली: लेकीच्या प्रकल्पासाठी जगाच्या नकाशावर भूकंपांचे काळे ठिपके आणि ज्वालामुखींचे लाल त्रिकोण काढतेय. पॅसिफिकच्या कडेने दोन्ही जोडीने चालले. हिमालयाशी पोचले आणि लाल पेन हातातच राहिलं. ठिपके पुष्कळ, त्रिकोण एकही नाही. लेक म्हणते, "आई, तू विसरलीस." तिथेही दोन प्लेट, म्हणजे पृथ्वीच्या कवचाचे सरकणारे तुकडे, भिडतातच ना?

दगडधोंडे: आई विसरलेली नाही! मेख पाण्यात आहे. जपान, चिलीकडे समुद्रतळाची जड प्लेट दुसरीच्या खाली जाते. तिच्या खनिजांत पाणी मुरलेलं असतं. साधारण १०० किमी खोलीवर ते सुटतं, वरच्या तापलेल्या प्रावरणात (कवचाखालच्या खडकांच्या थरात) शिरतं आणि त्याचा वितळणबिंदू खाली आणतं. बर्फावर मीठ टाकल्यावर होतं तसंच. (घर्षणाने खडक वितळतो, हे मीही परीक्षेत लिहून आलोय. मार्क मिळाले, उत्तर चूक होतं.)

हिमालयात दोन्हीकडे खंडांचंच कवच. हलकं, त्यामुळे खोल बुडत नाही. घड्या पडून जाड होत जातं, तिबेटखाली ७० किमीच्या आसपास. ताण साठतो आणि सुटतो, जसा २०१५ साली नेपाळमध्ये ७.८ चा भूकंप झाला. पण पाणी घेऊन खोल जाणारा समुद्रतळच आता उरलेला नाही.

शंकासूर: आणि कॅलिफोर्नियातला सॅन अँड्रियास भ्रंश? तिथेही भूकंप होतात.

दगडधोंडे: तिथे प्लेट एकमेकींना घासून बाजूने सरकतात, खाली कुणीच जात नाही. हवाईचा त्रिकोण मात्र कडेपासून हजारो किमी आत, प्लेटच्या मधोमध येईल. तो हॉटस्पॉट, म्हणजे खोलातून वर येणाऱ्या उष्णतेने खडक वितळतो ती जागा. लेकीला आधीच सांगून ठेवा, नाहीतर पुन्हा तुमच्यावरच येईल.

पायपीट: 'आता' हा शब्द महत्त्वाचा. सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी टक्कर झाली, त्याआधी मध्ये टेथिस समुद्र होता आणि त्याचा तळ आशियाखाली जात होता. म्हणजे ज्वालामुखी होतेच. लेहच्या मागचे करडे डोंगर म्हणजे त्यांच्या पोटात थिजलेला शिलारस. तिथला एक दगड मी बराच वेळ हातात धरून बसलो होतो. पांढऱ्या दाण्यांत काळं अभ्रक, नखाने पापुद्रा निघतो.

नकाशावाली: लेकीने लडाखपाशी त्रिकोण काढलाय, रंग न भरता. आणि अंदमानातलं बॅरन बेट माझ्याकडून खरंच राहिलं होतं. तिथे तर हीच भारतीय प्लेट खाली जाते! तो त्रिकोण तिने स्वतः भरला, माझ्याकडे बघत बघत.