पदकं घासू नका
कुणी सुचवलंय की २६ जानेवारीला सैनिकांच्या नातवंडांनी घरची पदकं चकचकीत करून ग्रामपंचायतीत मांडावी. मांडा, पण चिंच-पीतांबरी नको. पहिल्या महायुद्धातल्या चांदीच्या पदकाच्या कडेवर क्रमांक, नाव, पलटण बारीक उमटवलेली असते. घासताना आधी तीच जाते. कडेवर तिरपा उजेड पाडून फोटो घ्या, क्रमांक उतरवा. मग राष्ट्रकुल युद्धस्मशान आयोगाच्या (CWGC, युद्धातल्या मृत सैनिकांची नोंद ठेवणारी संस्था) यादीत शोधा. तिथे फक्त १९१४-२१ आणि १९३९-४७ मधले मृतच आहेत. जिवंत परतलेला आजा सापडणार नाही. यादीतल्या पत्त्यात महाराष्ट्रही नसणार, तेव्हा आपण विदर्भवाले सी.पी.-बेरारात (मध्य प्रांत-वऱ्हाडात) होतो! डिस्चार्ज बुक (सैन्यातून सुटताना मिळालेलं पुस्तक) लॅमिनेट करू नका, ते परत सुटत नाही. भिंतीतल्या आलमारीत उधई लागते. कागद पत्र्याच्या पेटीत घालून पेटी विटांवर ठेवा.