मदत हवी आहे: मुलीचा अ‍ॅनोरेक्सिया, ठाणे/नवी मुंबईत उपचार आणि धाकटीची काळजी

नमस्कार मंडळी. आम्ही पाचपाखाडीत राहतो. थोरली मुलगी अकरावीत आहे. गेल्या नवरात्रात तिने नऊ दिवसांचे उपवास धरले आणि ते सुटल्यावर जेवण ताळ्यावर आलंच नाही. आधी भात बंद झाला, मग पोळी, मग तेलतुपाचा थेंब नको. पाळी थांबलीय, केस गळतात, मे महिन्यात स्वेटर घालून बसते. तरी जिने चढणं-उतरणं चालूच. मनोविकारतज्ज्ञांनी अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा (वजन वाढायच्या भीतीने खाणं तुटत जातं तो आजार) असं निदान केलंय.

घरात मात्र "नखरे आहेत, भूक लागली की खाईल" हेच ऐकू येतं. हा नखरा नाही हे त्यांना कसं पटवू? २०१९ मध्ये 'नेचर जेनेटिक्स' या संशोधन-नियतकालिकात सुमारे १७ हजार रुग्णांच्या जनुकांचा अभ्यास आला. जनुकसंचातल्या आठ जागांचा या आजाराशी संबंध दिसला. त्यात ओसीडी (मंत्रचळ), चिंता यांच्याशी धागे जुळतात हे अपेक्षितच होतं. पण इन्सुलिन, रक्तातली चरबी, बीएमआय (उंचीच्या मानाने वजन), म्हणजे थेट चयापचयाशीही जुळतात. वजन वाढवलं तरी काहींचं पुन्हा घसरतं, त्याचं एक कारण इथे असावं असं संशोधकांना वाटतं. अभ्यास युरोपीय वंशाच्या लोकांचा होता, तरी मला त्यातून फार आधार मिळाला.

नवऱ्याची एक आत्या तरुणपणी अशीच वाळत गेली होती. तेव्हा सगळे तिच्या उपासतापासांचं कौतुक करायचे. जुळ्यांच्या अभ्यासांत आनुवंशिकतेचा वाटा ५० ते ६० टक्के सांगतात, म्हणून सातवीतल्या धाकटीची धास्ती वाटते. बहिणीबहिणींचा अनुभव असलेलं कुणी आहे का? काय लक्षात ठेवलंत? यंदा दोघींना उपवास नाही हे मी ठरवलंय. सासूबाईंशी कसं बोलू तेवढं सुचवा.

दुसरं म्हणजे ठाणे, मुलुंड किंवा वाशीकडे मनोविकारतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ आणि आहारतज्ज्ञ मिळून काम करतात आणि आईवडिलांना उपचारात धरतात, असं कुठे आहे का? आम्ही गेलो त्या आहारतज्ज्ञांनी हिला कॅलरी मोजायचं अ‍ॅप दिलं! डॉक्टरांनी एकदम भरपूर भरवायलाही मनाई केलीय, रक्तातलं फॉस्फेट धोकादायक घसरू शकतं म्हणून. त्यामुळे कामाची जाण असलेलंच माणूस हवंय.

नावं व्यनिने (खाजगी निरोपाने) कळवा. वजनाचे आकडे आणि डाएटच्या टिपा कृपया धाग्यावर नकोत, ती माझा फोन बघते.