'जाने भी दो यारो' खूप वर्षांनी परत बघितला – मुलाला दाखवताना शेवट आधी सांगावा का?

रेती_खडी:
सतीश शहा गेले ना ऑक्टोबर २०२५ मध्ये, तेव्हापासून डोक्यात होतं की 'जाने भी दो यारो' परत बघायचा, काल रात्री शेवटी योग आला.

पहिल्यांदा बघितला होता शाळेत असताना, दूरदर्शनवर, डोंबिवलीच्या आमच्या चाळीत ज्यांच्याकडे टीव्ही होता त्यांच्या घरी पंधरावीस जण दाटीवाटीनं बसून. त्याच सुमारास रविवारी सकाळी महाभारत लागायचं त्यामुळे स्टेजवरचं ते वस्त्रहरण आलं आणि आम्ही पोरं जी काही लोळलोय... मेलेला कमिशनर डिमेलो (म्हणजे सतीश शहा) द्रौपदी झालाय, जो तो त्याला आपल्याकडे ओढतोय आणि आंधळा धृतराष्ट्र सारखा विचारतोय 'ये क्या हो रहा है'. पुढे महिनाभर जिन्यात आमचा तोच खेळ, कुणाला तरी चादर गुंडाळायची आणि ओढत न्यायचं. शेवट काय होता ते मात्र अजिबात आठवत नव्हतं, बहुतेक तोवर झोपलो असेन.

आता मी बावीस वर्षं बांधकामात आहे, साइटवर क्वालिटीचं काम बघतो. काल बघताना पहिला तासभर मस्त हसलो पण पूल पडल्याची बातमी आली आणि तिथून पुढे हसूच येईना. एकमेकांच्या जिवावर उठलेले बिल्डर तर्नेजा आणि आहुजा, नवा कमिशनर, 'खबरदार'ची संपादक शोभा, सगळे एका बाजूला होतात आणि पूल पाडल्याचा आळ कोणावर तर त्या दोन फोटोग्राफर पोरांवर. शेवटी दोघं कैद्याच्या कपड्यांत रस्त्यानं चालत येतात, मागे 'हम होंगे कामयाब' चालू, आणि गळ्यावरून हात फिरवून दाखवतात. मी टीव्ही बंद करून बराच वेळ तसाच बसलो होतो.

याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी एका साइटवर एम-२५ काँक्रीटचे क्यूब होते, म्हणजे ताकद तपासायचे ठोकळे, २८ दिवसांनी मशीनवर लावले तर २५ ची ताकद हवी तिथे १७ च्या आसपासच फुटले, तीनही. मला सांगण्यात आलं की आकडा 'नीट' लिही. मी नाही लिहिला. पंधरा दिवसांत माझी बदली दुसऱ्या साइटवर, त्या कॉलमचं पुढे काय झालं मला कोणी कळवलं नाही. त्यामुळे हा पिक्चर मला आता नुसती कॉमेडी वाटतच नाही.

प्रश्न असा की मुलगा सोळाचा आहे, त्याला दाखवायचाय. तुम्ही कोणी घरच्या मुलांना दाखवलाय का? शेवट आधी सांगू, की त्याचा त्याला बघू देऊ?

हायपो:
अजिबात सांगू नका. तो धक्का बसायलाच हवा, दिग्दर्शक कुंदन शहांनी दोन तास हसवलंय ते त्यासाठीच.

मी पण हल्लीच परत बघितला आणि माझं लक्ष वेगळ्याच ठिकाणी अडकलं. आमच्या बाबांचा मिरजेला फोटो स्टुडिओ होता. बागेत काढलेला फोटो ती दोघं मोठा मोठा करत नेतात आणि त्यात खून दिसतो, तो भाग लहानपणी मला कंटाळवाणा वाटायचा, आता वाटतं की सगळा पिक्चर तिथेच आहे. डार्करूममध्ये लाल दिव्याखाली कागद डेव्हलपरच्या ट्रेमध्ये सोडला की आधी काहीच नसतं, मग हळूहळू काळं उमटायला लागतं आणि एकदा हायपोमध्ये पडलं की ते पक्कं. बाबा म्हणायचे प्रिंट फाटली तरी चालेल, निगेटिव्ह सांभाळ. पिक्चरमधली ती दोघं तेच मानून चालतात, की आपल्याकडे फोटो आहे म्हणजे झालं, आता खरं काय ते सगळ्यांना कळणार. आणि त्यांनी तो फोटो नेऊन कोणाच्या हातात दिला तर शोभाच्या.

त्या बागेचं नाव अँटोनिओनी पार्क आहे बरं का. अँटोनिओनीच्या १९६६ च्या 'ब्लो-अप'मध्ये असाच फोटो मोठा करताना खून सापडतो, त्याला केलेला तो नमस्कार आहे. आणि नसीरच्या हातातला कॅमेरा त्याचा स्वतःचा होता, शूटिंग चालू असताना तो चोरीला गेला. एनएफडीसीचा म्हणजे सरकारी चित्रपट महामंडळाचा पिक्चर, सात लाखांच्या आसपास बजेट, लोक स्वतःच्या वस्तू घेऊन यायचे.

अनघा_के:
हायपो, शोभाचं नाव काढलंत म्हणून लिहितेय नाहीतर मी इथे नुसती वाचत असते.

शोभा झालेल्या भक्ती बर्वेंना मी 'ती फुलराणी' नाटकात बघितलंय, आईबरोबर, शिवाजी मंदिरला. 'तुला शिकवीन चांगलाच धडा' सुरू झालं की थिएटर श्वास रोखून बसायचं. त्यामुळे १९८३ चा हा पिक्चर पहिल्यांदा बघितला तेव्हा मी शेवटपर्यंत धरून बसले होते की ही बाई चांगलीच असणार, आपली मंजुळा आहे ती. काल तुमचं वाचून परत लावला आणि आता कळतंय की त्या पोरांचीही तीच चूक होते. तिचा तो आवाज, ते गोड बोलणं, विनोदकडे, म्हणजे नसीरकडे, बघून हसणं, आणि त्यातच ती फोटोचा भाव ठरवत असते. हातात पुरावा आला की छापायच्या आधी तर्नेजाकडून किती सुटतील ते बघायचं. या बाईंनी कुठेही आरडाओरडा न करता ते केलंय, खलनायिका असल्याचं एकदाही दाखवत नाहीत. फेब्रुवारी २००१ मध्ये एक्स्प्रेसवेवरच्या अपघातात त्या गेल्या, तेव्हा सगळीकडे फुलराणीच आठवली गेली आणि ते बरोबरच आहे, पण शोभा सेन पण आठवायला हवी होती असं मला फार वाटतं.

मुलाला दाखवा. माझ्या मुलीला मी बारावीत असताना दाखवला होता, म्हणजे ती बारावीत असताना. शेवट सांगितला नव्हता.

चर्चगेट_फास्ट:
मी थोडा असहमत. हसू येत नाही असं होऊच नये, मला अजूनही येतं आणि त्यात मला काही वावगं वाटत नाही. दारू प्यायलेला ओम पुरी शवपेटीला बंद पडलेली गाडी समजून मदत करायला निघतो त्याला हसायचं नाही तर कशाला हसायचं.

पण त्या वस्त्रहरणाबद्दल मात्र रेती_खडी बरोबर बोलतायत. परत बघताना जाणवलं की स्टेजवर 'द्रौपदी तुझ्या एकट्याची नाही, आम्ही सगळे शेअरहोल्डर' या अर्थाचं वाक्य येतं आणि ते अक्षरशः खरं आहे, त्या मढ्यात प्रत्येकाचा वाटा आहे म्हणून तर ओढाताण. आणि एवढ्या गोंधळात काय चाललंय असं विचारणारा एकटा धृतराष्ट्र, त्याला कोणी उत्तर देत नाही. १४ मार्च २०१९ ला सीएसएमटीजवळचा पादचारी पूल पडला तेव्हा मी त्याच बाजूनं घरी जायचो रोज. त्या दिवशी ऑफिसात उशीर झाला म्हणून वाचलो. त्यानंतर कित्येक दिवस टीव्हीवर चर्चा बघताना मला तो धृतराष्ट्रच ऐकू यायचा.

रेती_खडी:
सगळ्यांचे आभार. काल रात्री दाखवला, शेवट सांगितला नाही.

वस्त्रहरणाला तो खुर्चीवरून खाली यायचा बाकी होता, मी डोंबिवलीत हसायचो अगदी तसाच, ते बघून फार बरं वाटलं. शेवटाला गप्प झाला. मग बऱ्याच वेळानं म्हणाला, बाबा त्यांनी निगेटिव्ह तरी स्वतःकडे ठेवायला हवी होती ना, आणि मला एकदम हायपोचे बाबा आठवले.

त्या साइटवरच्या क्यूबचे आकडे मी तेव्हाच माझ्या वहीत उतरवून ठेवले होते, तारखेसकट. घरात बायको सोडून कोणाला माहीत नव्हतं. रात्री साडेबाराला स्टूल घेऊन माळ्यावरून ती वही काढली, झटकली आणि त्याला ते पान दाखवलं. त्यानं तीनही आकडे बोट ठेवून वाचले आणि विचारलं, बाबा तो कॉलम कुठल्या बिल्डिंगचा आहे.